बिनकुंकवाचा तांदूळ

आमच्या ह्यांना गल्लीच काय, सगळं स्नेहलतागंज देवमाणूस म्हणतं. म्हणो बापडं. देवमाणसाशी संसार करून बघा म्हणावं, मग बोला.

ह्यांचं नाव संताजीराव. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, त्यांची तलवार अजून आमच्या भिंतीवर आहे. हे स्वतः कापडमिलच्या ऑफिसात कारकून. घोडा तर सोडाच, सायकलसुद्धा जपून चालवतात. पण शिलाई मशीन अडली की गल्लीतल्या बायकांना ह्यांचीच आठवण. सासूबाई शिवणकाम करायच्या, त्यांच्या मशीनपाशी बसून हे लहानपणीच सगळं शिकले.

आणि हात असा हलका की काय सांगू! खाली धाग्याचा गुंता झाला की बाया घाबरतात आणि कापड खसकन ओढतात. सुई तुटते, गुंता तिथेच. हे ओढत नाहीत. चाक हळूच पुढे-मागे हलवतात, सुई वर घेतात, मग वरचा धागा कापतात, खालचा कापतात. बॉबिन काढायची, शटल सोडवायचं, चिमट्याने एकेक तुकडा वेचायचा, तेलाचा थेंब सोडायचा. आणि नेहमी एकच वाक्य, "गुंता खाली दिसतो वहिनी, पण चूक बहुतेक वरच असते. धागा ओवताना दाबाचा पाय उचलायचा विसरलात." बाया लगेच, "वा भिया वा!" भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ. मला ह्यांनी हे कधी कौतुकाने सांगितलं नाही. का? तर माझी मशीन कधी अडतच नाही ना! घर की मुर्गी, दुसरं काय.

तर ही सरला. आमच्या समोरच्या घरातली. नवरा दिनानाथ सरकारी नोकर. नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, त्याच्याबरोबर ऑफिस गेलं आणि ऑफिसाबरोबर दिनानाथ. क्वार्टर मिळालं की घेऊन जातो म्हणाला. क्वार्टर काही मिळेना. आधी महिन्याला यायचा, मग सणाला, मग नुसतीच खुशालीची पत्रं. ही इथे एकटी, गोरीपान, मूलबाळ नाही, ब्लाऊज शिवत बसलेली. आता तुम्हीच सांगा, मी निश्चिंत झोपायचं कसं?

पहिल्यांदा तिची मशीन अडली ती दसऱ्याला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. आमच्या घरात तलवारीच्या शेजारी माझी मशीन मांडतो, चाकाला झेंडूची माळ. सरलानेही पूजा केली, पण भक्ती जरा जास्तच. मशीनची पट्टी सरकवून आतल्या बॉबिनलाही अक्षता वाहिल्या! मग काय, दुसऱ्या दिवशी खटक् करून चाक जाम. हे गेले आणि तळहातावर तांदळाचा लाल दाणा घेऊन हसत घरी आले. "बघ, देवी आत अडकून बसली होती." मीपण हसले. तेव्हा हसले, हो.

पुढच्या रविवारी मशीन पुन्हा अडली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मी विचारायची, "आज काय निघालं?"

"काय निघणार? धाग्याचा तुकडा."

धाग्याच्या तुकड्यासाठी दीड-दोन तास! आणि जायच्या आधी आरशासमोर भांग. धुतलेला सदरा. पोह्यांबरोबर आणलेल्या जिलेबीतून दोन वेढे पुडीत बांधून बरोबर. "एकटीसाठी कोण आणणार तिला?" म्हणे. मला रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जिलेबी खायला शेवटचं कधी नेलं होतं, देवाला ठाऊक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. खिडकीच्या पडद्याआडून बघायची मी. हे मशीनपाशी वाकलेले, ती समोर पाटावर बसून बोलतेय, आणि हे हसतायत. माझ्याशी बोलताना "हं" आणि "अच्छा" एवढंच येतं ह्यांना! वर ती ह्यांना दादा म्हणायची. दादा म्हटलं की सगळं माफ, काय?

एकदा मी चिडून म्हटलं, "माझ्याही मशीनकडे बघा की जरा."

"तुझी कधी अडतच नाही, काय बघू?" म्हणाले आणि पेपर उघडला. ते वाक्य मला फार लागलं.

मग एका दुपारी भांडी घासायला येणाऱ्या गंगूबाईने निरोप आणला. "सरलाबाईंची मशीन अडली. साहेब आले की पाठवा, म्हणाल्या." हे ऑफिसात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांचं स्क्रू काढायचं पेचकस आणि चिमटा उचलला आणि मीच तरातरा गेले.

मला दारात बघून सरलाचा चेहरा उतरला. "वहिनी, तुम्ही? दादा येतील ना संध्याकाळी, खामखा तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला? सरक."

इतकी वर्षं बघून मलाही सगळं येत होतं. बॉबिन काढली, शटल सोडवलं. खोबणीत तांदळाचा दाणा. पांढरा स्वच्छ, कुंकवाचं नाव नाही. डब्यातला, रोजच्या भाताचा. मी तो तिच्या नाकासमोर धरला. "ही कुठली पूजा गं?"

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "मशीन अडली की या घरात कुणीतरी येऊन बसतं, वहिनी. दुसरं कोण येतं?"

"का? गल्लीत बायका मेल्या? मी समोर नव्हते?"

"तुम्ही कधी आलात?"

खरं बोलली, म्हणून तर जास्त राग आला. "आणि हे? ह्यांना दिसला नाही कधी दाणा?"

"ते कधी काही बोलले नाहीत," ती खाली बघत म्हणाली.

बोलणार कसे, भोळे सांब! दसऱ्याच्याच अक्षता अजून निघतायत असं वाटत असेल, म्हणून धाग्याचा तुकडा सांगून मोकळे होत असतील, मी मनाशी म्हटलं. तेवढ्याने जिवाला थंड वाटलं. "चहा टाक," मी तिला म्हटलं, "आणि आता मशीन अडली की मला हाक मारायची. मलाच. समजलं?"

तेव्हापासून मीच माझं शिवण घेऊन तिच्याकडे जाऊन बसू लागले. दया नव्हे हो, पहारा! तिची मशीन अडायची थांबली.

मग रविवार आला. ह्यांनी पोहे खाल्ले, भांग पाडला, धुतलेला सदरा घातला आणि खिडकीशी बसले. समोरून हाक नाही. जरा वेळाने म्हणाले, "सरलाबाईंची मशीन ठीक आहे ना?"

"एकदम."

"अच्छा," म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. पुडीतली जिलेबी तशीच.

मला बघवेना. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, डब्यातून एक दाणा घेतला. माझ्या मशीनची पट्टी सरकवली, दाणा आत टाकला, चाक फिरवलं. खटक्. आयुष्यात पहिल्यांदा माझी मशीन अडली.

"अहो, जरा बघता का?"

हे आले. वाकले. चाक हळूच पुढे-मागे केलं, शटल काढलं. मी समोर पाटावर बसले, अगदी सरला बसायची तशी. चिमट्यात दाणा आला. ह्यांनी तो उजेडाकडे धरला आणि सहज बोलून गेले, "हापण बिनकुंकवाचाच."

म्हणजे ठाऊक होतं! पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि तरी दर रविवारी भांग पाडून जात होते.

"हापण?" मी विचारलं.

ह्यांचा चिमटा तसाच उजेडात राहिला.