राखीव गोलकीपरच्या आईचा नवस

आमच्या घराण्यात फुटबॉलशी कुणाचं काही देणंघेणं नव्हतं. क्रिकेट म्हणाल तर आमचे हे झोपेतून उठवलं तरी स्कोअर सांगतील. पण पुतणी आठवीत आमच्याकडे शहरात, इंदिरानगरला शिकायला आली, शाळेतल्या सरांनी तिला गोलमध्ये उभं केलं, आणि माझ्या गॅलरीत धुतलेल्या साड्यांशेजारी चिखलाचे हातमोजे लटकायला लागले. ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी. त्यांचं घर सिन्नरजवळच्या खेड्यात. भावजी तिथल्या एमआयडीसीत कामाला जातात आणि शेतीही बघतात. टोमॅटोच्या दिवसांत ही पोरगी टेम्पोवर उभी राहायची आणि खालून फेकलेली प्लास्टिकची रिकामी कॅरेट झेलून रचायची. इतकं छान झेलायला कुठे शिकलीस, असं सरांनी विचारलं तर म्हणाली, टेम्पोवर.

पुढे तिची निवड होत होत भारताच्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या संघात तिचं नाव आलं. जाऊबाईंनी त्यासाठी गडावरच्या देवीला नवस बोलला होता. निवड झाल्यावर त्या पायऱ्या चढून गेल्या, देवीची ओटी भरली आणि प्रसाद आमच्या सगळ्या बिल्डिंगला वाटला. पुढच्या सामन्याला त्या टीव्हीसमोर मांडी ठोकून बसल्या, तर त्यांची लेक पूर्ण वेळ बाकावर.

"ही का बसलीय? पाय दुखतोय का तिचा?"

मी समजावलं. "ताई, ती राखीव गोलकीपर आहे. बाकीच्या मुली दमल्या की बदलतात, पण गोलमध्ये जागा एकच. पहिल्या मुलीला काही झालं, तरच हिचा नंबर."

"म्हंजी पंगतीला बोलावलं आन् ताटच नाय वाढलं," त्या म्हणाल्या. मग पडद्यावरच्या बाकाकडे बोट दाखवून, "चूक माझीच हाय. मी देवीला म्हनले, पोरीला संघात घे. मैदानात उतरव, असं म्हनलेच नाय."

मला हसू आवरेना. "देवी काय तहसीलदार आहे का, अर्जात एक शब्द राहिला म्हणून काम अडवायला?"

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात परत गडावर गेल्या आणि या वेळी शब्द नीट जुळवून नवस बोलल्या: भारताकडून एकदा माझ्या पोरीला मैदानात उतरव, तोवर पायात चप्पल घालणार नाही. गडावरून उतरल्या त्या अनवाणीच. चपला तिथेच देऊन आल्या होत्या. कांदे काढणीला आले, बांधावरची माती तव्यासारखी तापली, तरी बाई अनवाणीच. टाचांना भेगा पडल्या, एकदा बाभळीचा काटा मोडून आत राहिला. मी फोनवर तोंड सोडलं. पोरगी खेळते की नाही ते प्रशिक्षक ठरवणार, तुमच्या टाचा नाही, असंही म्हणाले. माझी जीभ तशी तिखटच आहे. जाऊबाई म्हणाल्या, "तू तुझं बघ."

आणि मग ती पात्रता फेरी आली. आशियाच्या स्पर्धेत जायचं तर आधी गटातले सामने खेळायचे, तेही परदेशात. गटात चार संघ, आणि पुढे जाणार फक्त पहिला. आपल्या मुलींनी पहिले दोन्ही सामने जिंकले. तिसरा सामना यजमानांशी होता. त्यांनीही दोन्ही जिंकलेले, पण आपले गोल जास्त, त्यामुळे आपल्याला बरोबरी पुरणार होती. गोलफरक म्हणजे नेट रन रेटचा चुलतभाऊ, असं आमच्या ह्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि त्या दिवसापुरते ते फुटबॉलचे तज्ज्ञ झाले.

सामन्याआधी पुतणीचा फोन आला. "काकू, मी बसूनच असणार आहे. आईला उगाच एसटीने हेलपाटा घालायला लावू नकोस." पण जाऊबाई सकाळीच येऊन धडकल्या होत्या. शेजारचे लोकही जमले. मी पातेलंभर पोहे केले.

पूर्वार्धात आपण एक गोल केला, त्यांनी तो फेडला. एक-एक. उत्तरार्धात यजमानांनी नुसता धुमाकूळ घातला. आपली पहिली गोलकीपर, पूर्वेकडच्या डोंगराळ राज्यातली चिमुकली पोर, मांजरीसारखी उड्या मारत होती. मग एक चेंडू उंच आला, ती पुढे झेपावली, समोरून त्यांची धिप्पाड खेळाडू आली आणि दोघी आदळल्या. धिप्पाड उठली. आपली उठली नाही. गुडघा धरून ती गवतावर लोळत होती. आवाज नव्हता, पण तोंड उघडं दिसत होतं.

स्ट्रेचर आलं. आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, हातमोजे चढवत, आमची पोरगी उभी!

खोलीत जो काय गलका झाला! ह्यांनी शिट्टी मारली. समोरच्या वहिनी टाळ्या पिटत नाचायला लागल्या. मी स्वतः ओरडले, "ताई, उतरली! घाला आता चपला!" कुणीतरी दाराबाहेर जाऊन माझेच सँडल आणून त्यांच्या पायाशी ठेवले. पडद्यावर त्याच वेळी ती पोर स्ट्रेचरवरून चालली होती, डोळ्यांवर आडवा हात घेऊन.

जाऊबाईंनी सँडल बाजूला सारले आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, तोंड पांढरंफटक.

"अहो, लेक खेळतेय तुमची. चला ना बाहेर."

"मीच मागितलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"तेच तर म्हणतेय मी. मिळालं ना?"

"जागा एकच हाय, तूच म्हनली व्हतीस. माझी उतरायची तर तिला काय तरी व्हायलाच पाहिजे व्हतं. मी उन्हातान्हात पाय भाजून घेतले ते हेच्यासाठी? दुसरीच्या पोरीचा पाय मोडावा म्हनून?"

त्यांच्या नवसाचा असाही अर्थ होतो, हे मला, शिकलेल्या बाईला, एकदाही जाणवलं नव्हतं. आणि आत्ता आम्ही सगळ्यांनी कशावर टाळ्या पिटल्या होत्या, तेही तेव्हाच कळलं. फार वाईट वाटलं मला. मी त्यांना पाणी दिलं आणि शेजारी उभी राहिले. बाहेरच्या आरड्याओरड्यावरून सामना समजत होता. आमच्या पोरीने शेवटी शेवटी एक जबरदस्त फटका बोटांनी बारवरून बाहेर ढकलला म्हणे. तिच्या आईने तो पाहिला नाही. मीही नाही. सामना बरोबरीत सुटला आणि भारत आशियाच्या स्पर्धेत पोचला.

दोन दिवसांनी कळलं की त्या मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार, मुख्य स्पर्धा तिच्या हातून गेली. म्हणजे तिथे गोलमध्ये आमची पोरगी. गावात पेढे वाटले गेले, सरपंचांनी फ्लेक्स लावला. जाऊबाई कुणाशी धड बोलेनात. नवस फेडायला गडावर जाईनात, आणि चप्पलही घालेनात. मी फोनवर वाद घातला, देवी असले सौदे करत नसते म्हणून. त्या ऐकून घ्यायच्या आणि "बरं" म्हणून फोन ठेवायच्या. त्या "बरं"ने माझा जीव तुटायचा.

पुतणी सुट्टीला आली तेव्हा जाऊबाई पुन्हा आमच्याकडे आल्या. तिने वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाच्या आधी म्हणाल्या, "मला त्या पोरीच्या आईशी बोलायचंय. फोन लाव."

तिने व्हिडिओ कॉल लावला. ती पोर पायाला पट्टा बांधून पलंगावर बसली होती आणि काहीतरी खात होती. आमच्या पोरीला बघून खुदकन हसली. मग तिची आई पडद्यात आली, जाऊबाईंएवढीच, रापलेली, डोक्याला फडकं बांधलेली. ती तिच्या भाषेत बोलली, जाऊबाईंनी मराठीत विचारलं, "जास्त दुखतंय का लेकीला?" दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. पोरी हिंदीतून इकडचं तिकडे करत होत्या. थोडा वेळ बरं चाललं. मग जाऊबाईंनी पदर सावरला.

"आता तिला सांग, माझ्या आईनं नवस बोलला व्हता, मला मैदानात उतरव म्हनून. तुमच्या लेकीचं वाईट नव्हतं मागितलं, पन झालं ते तसंच झालं. मला माफी करा म्हनावं."

पुतणीने माझ्याकडे बघितलं.

"सांग की."

तिने फोन हळूच मांडीवर पालथा घातला. "आई, हे मी नाही सांगणार."

"का? लाज वाटती का आईची?"

"नाही गं." तिचा आवाज फुटला. "बाकावर बसून मी पण तेच म्हणत होते. प्रत्येक मॅचला. ती पडली की आधी माझे हात मोज्यांकडे जायचे. मग मी तिच्याकडे बघायचे."

मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. पण त्यांनी लेकीचं डोकं ओढून छातीशी धरलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज नेहमीसारखा आला.

"आन् तिथं परमुलखात हे एकटीच घेऊन बसली व्हतीस व्हय गं?"

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. मांडीवरच्या फोनमधून ती दुसरी पोर हॅलो हॅलो करत होती. मी फोन उचलला आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटा, थोडा रुक, दोनों अभी आते हैं।"