सही करून टाळलेला मानेचा धडा

१. आज सकाळी उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला मजूर आमच्या दवाखान्यात आला. त्याच्या हातांना मुंग्या येत होत्या.
२. "मान हलवू नका," मी म्हणाले. डॉक्टर साहेब त्याला उठवून बसवायला लागले आणि मला म्हणाले, "सिस्टर, दोन दिवसांच्या ट्रेनिंगनं कुणी डॉक्टर होत न्हाय!"
३. मी त्याचं डोकं धरून ठेवलं आणि मानेला कॉलर लावली. एक्स-रेत मानेचं हाड मोडलेलं निघालं. त्याची बोटं अजून हलतात.

जखमीची मान कशी सांभाळायची हे शिकवणाऱ्या त्याच ट्रेनिंगला साहेबही होते. हजेरीची सही केली आणि प्रात्यक्षिकाआधीच निघून गेले.

ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगते, शनिवारी आपल्याकडं हेच प्रात्यक्षिक मी घेणार आहे. यादीत पहिलं नाव साहेबांचं टाकलंय. चुकले तर सगळ्यांसमोर नापास करीन आणि मला वाईट वाटणार नाही.

साहेब, येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत इथंच लिहा.