खांबावर माणूस आहे
बाबाराव आयुष्यभर लाइनमन होते. आता आमच्या गल्लीत जनरेटर भाड्याने देतात. काल दुपारी वादळाने तारा तुटल्या आणि शेजारच्या शरच्चंद्रांचे ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले. जवळचा सिलिंडर अर्धा तासच पुरणार होता. बाबारावांनी जनरेटर अंगणात, खिडक्यांपासून दूर ठेवला.

"भिंतीतल्या सॉकेटलाच जोडा ना, सगळं घर चालेल," शरच्चंद्रांची सून मुग्धा कासावीस होऊन म्हणाली.

"अन् करंट उलटा लाइनीत गेला तं? खांबावर माणूस चढला हाये. त्याले मारशीन का वं?"

त्यांनी लांब, जाड वायर आणून फक्त यंत्र जोडले. ते सुरू झाले, तसा शरच्चंद्रांनी पंखा मागितला.

"आधी दम घ्या गा, हवा मंग खाजा!"

लाइनमन खाली उतरेपर्यंत बाबाराव फाटकापाशी येरझारा घालत राहिले.