न्यू डिस्ट्रिक्टचा मन्मथ

आम्ही चार टाळकी जमलो, चहा आला आणि कुणीतरी "मन्मथ असता तर" असं म्हणालं, की झालं. एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि चहा थंड होतो. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी किस्से संपायचं नाव घेत नाहीत. उलट वाढतच चाललेत. काही तर मी पहिल्यांदाच ऐकतो, आणि त्यात तू हजर होतास असं लोक मलाच सांगतात! म्हणून म्हटलं, डोळ्यांदेखत घडलेले तेवढे तरी लिहून टाकावेत.

आधी ओळख. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावात कलेक्टर आले होते आणि गावातलं पाणी गेलं होतं. अशा दिवसांत तीन पोरांनी रॉक बँड काढला आणि नाव ठेवलं 'न्यू डिस्ट्रिक्ट'. ड्रमवर सलीम, त्याच्या वडिलांचा लग्नातला बँड होता. गायला मुखेडचा गंगाधर. आणि गिटारवर आमचा मन्मथ. मी कुणीच नव्हतो. मी फॅन. अ‍ॅम्प्लिफायर सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचं काम माझ्याकडं होतं, एवढीच माझी पोझिशन.

मन्मथचे वडील म्हणजे आप्पा. मार्केटात अडत दुकान, कपाळाला विभूतीचे पट्टे, तोंडात मोजके शब्द. पोराच्या गिटारबद्दल त्यांचं एकच मत होतं, "वीज लावून वाजवायचं म्हंजी ते काय वाजवणं व्हय?" मन्मथला मात्र एकच ध्यास होता, आप्पांनी एकदा ऐकावं. प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली एक खुर्ची तो मला राखून ठेवायला लावायचा. खुर्ची रिकामी राहायची, आणि कार्यक्रम संपला की मन्मथ तिच्याकडं एकदा बघून गिटार पुसायला घ्यायचा.

* * *

पहिला कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. त्याआधी देशभक्तीची गाणी झाली, एक नाटुकलं झालं, सगळं कसं शिस्तीत. मग मन्मथ उभा राहिला आणि त्यानं पहिली तार छेडली.

असला आवाज लातुरात कुणी ऐकलाच नव्हता. प्रिन्सिपल सरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. एका बाईंनी शेजारचं पोर उचललं, ते त्यांचं नव्हतं. आणि मागून कॉलेजचा शिपाई जीव खाऊन पळाला आणि त्यानं मेन स्विचच खाली ओढला.

सगळीकडं चिडीचूप. शिपाई धापा टाकत स्टेजसमोर आला आणि म्हणाला, "घाबरू नका कुणी, वायर तुटलीय. बंद केलंय म्या."

मन्मथ वाकून हळूच म्हणाला, "मामा, चालू करा. मीच होतो त्यो."

त्या क्षणी मी फॅन झालो.

* * *

अ‍ॅम्प्लिफायरला अर्थिंग लागतं. जमिनीत खड्डा, त्यात मीठ अन् कोळसा, वरून पाणी. जमीन ओली असली तर चुकार करंट मातीत उतरतो, नसली तर वाजवणाऱ्याच्या अंगात उतरतो. कार्यक्रमाआधी दोन बादल्या ओतायचं काम अर्थातच माझ्याकडं.

औशाला दुपारचा कार्यक्रम होता. मी बादली तिरकी करणार, तेवढ्यात घागर घेतलेली एक बाई समोर उभी राहिली. ओरडली नाही की भांडली नाही. नुसतं म्हणाली, "काय करून राहिलास रं बाबा? आमी सकाळधरनं टँकरची वाट बघून राहिलो, अन् तू मातीला पाणी पाजून राहिलास?"

मागून मन्मथ आला, त्यानं माझ्या हातातल्या दोन्ही बादल्या घेतल्या आणि तिच्या घागरीत रिकाम्या केल्या. मग कुणाच्या तरी घरून लाकडी पाट मागवला, पायात रबरी चपला घातल्या आणि पाटावर उभा राहून वाजवायला लागला.

दुसऱ्या गाण्याला त्याची एक चप्पल निसटली आणि पाय पाटावरून खाली जमिनीला टेकला. त्याबरोबर त्याचा डावा खांदा वर उडाला, गुडघा वाकला, मान मागं गेली. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. काय स्टेप होती! पब्लिक वेडं झालं. आम्ही सगळेच खांदा उडवून, गुडघा वाकवून नाचायला लागलो. पुढं प्रत्येक कार्यक्रमात फॅन लोक तीच स्टेप करायचे. नांदेडच्या पोरांनी तर ती शिकवायला सुरुवात केली होती.

दोन महिन्यांनी मन्मथ सहज बोलून गेला, "आरं, शॉक बसून राहिला व्हता मला."

मी म्हटलं, "मग थांबला का न्हाईस?"

म्हणाला, "तुमी लई खूश दिसून राहिला व्हता."

* * *

प्रॅक्टिस चालायची एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या गोदामात. जिल्हा नवा, ऑफिसांना जागा नाहीत, त्यामुळं पाणीटंचाईचं एक ऑफिस शेजारच्याच खोलीत थाटलं होतं. आमच्याकडं ड्रम, तिकडं अर्जदारांची रांग.

एक दिवस एक म्हातारे बाबा चुकून आमच्यात शिरले. मन्मथ खुर्चीवर बसून तार बदलत होता. शर्ट खोचलेला, डोळ्यावर गॉगल. बाबांनी त्याच्यापुढं अर्ज धरला. "सायब, टँकरचं बघा जरा."

मन्मथनं अर्ज वाचला. "बाबा, ह्याच्यावर गावाचं नावच न्हाई की."

त्यानं अर्ज नव्यानं लिहिला, शेजारी जाऊन शिक्का मारून आणला आणि बाबांना पोच दिली. झालं! दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी सात जण उभे. चौथ्या दिवशी शेजारचे क्लार्क हात जोडून आले आणि म्हणाले, "मन्मथराव, माझी रांग मला परत द्या."

ही बातमी मार्केटात पोचायला कितीसा वेळ लागणार. कुणीतरी आप्पांना सांगितलं, "तुमचा ल्योक लई मोठ्या हुद्द्यावर हाय." आप्पांनी दुकानात पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर नेसून पोराचं ऑफिस बघायला निघाले.

सलीमनं त्यांना दारातून पाहिलं. "मन्या, आप्पा आले."

मन्मथचा चेहरा तसा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली आणि आप्पांना बसवलं. मग खरं काय ते सांगून टाकलं. "आप्पा, हापिस शेजारी हाय. मी हितं हे वाजवतो."

आप्पा कितीतरी वेळ गिटारकडं बघत राहिले. आता उठून जाणार, असं आम्हाला वाटलं. तर म्हणाले, "वाजव."

मन्मथनं बटण दाबलं, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागेना. लाईट गेली होती.

त्यानं तरीही वाजवलं. करंट नसलेली इलेक्ट्रिक गिटार तुम्ही ऐकलीय का? कानाशी डास गुणगुणावा तेवढा आवाज येतो. मन्मथ घामानं निथळत होता. सलीमनं ड्रमला हात लावला नाही. आप्पांनी कानामागं हात धरून शेवटपर्यंत ऐकलं. मग उठले.

"एवढंच व्हय?" म्हणाले, आणि चपला घालून गेले.

अर्ध्या तासानं लाईट आली. त्या दिवशी मन्मथनं पुन्हा गिटार हातात घेतली नाही. मला अजूनही त्या लाईटवाल्यांचा राग येतो.

* * *

मुखेडचा कार्यक्रम बाजारच्या दिवशी होता. गंगाधर स्वतःच्या गावात गायला उभा राहिला, आणि गाववाले पाठ करून भाजी निवडत बसले. त्याचं तोंड पडलं. तेव्हा मन्मथनं त्याला थांबवलं आणि आपल्या घरी संध्याकाळी पूजेला म्हणतात त्या भजनाची चाल गिटारवर सुरू केली, तीही त्या फाटक्या, किंचाळत्या आवाजात.

मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीनं आधी वर बघितलं. मग चपला काढल्या आणि हात जोडून उभी राहिली. तिचं बघून दुसरी उठली. बघता बघता अर्धा बाजार अनवाणी उभा! टाळ्या वाजवायच्या की नमस्कार करायचा, तेच कळेना.

ही बातमीही लातूरला आमच्याआधी पोचली. आप्पा घरात मन्मथच्या आईला म्हणाले, पण मन्मथला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "देवाला बी करंट लावला का तुझ्या पोरानं?"

मन्मथ आम्हाला हे हसत हसत सांगायचा. "ऐकलं न्हाई, पर इचारलं तरी," म्हणायचा. तो हसला की मलाच वाईट वाटायचं.

* * *

मग त्यानं शेवटची शक्कल काढली. आप्पा येत नाहीत, तर आवाज त्यांच्याकडं न्यायचा. मार्केटच्या भिंतीला लागून स्टेज, रविवारी दुपारी, तोंड थेट आप्पांच्या दुकानाकडं. मी दुकानाच्या उंबऱ्यापासून स्टेजपर्यंत पावलं मोजून आलो होतो.

आदल्या आठवड्यातल्या शनिवारी त्याचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. सगळ्यांनाच होत होती त्या दिवसांत, मिळेल ते पाणी पीत होते लोक. आम्ही म्हटलं, उसाचा रस पी, होशील बरा. आठ दिवसांत, कार्यक्रमाच्याच रविवारी पहाटे, मन्मथ गेला. तेवीस वर्षांचा माणूस काविळीनं असा जातो? मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

सकाळी नांदेड-मुखेडकडचे फॅन एसटीनं उतरायला लागले. त्यांना सांगायला मी स्टँडवर गेलो. म्हटलं, मन्मथ गेला. ते हसले. खांदा उडवून, गुडघा वाकवून दाखवला त्यांनी मला. मन्मथचा आणखी एक किस्सा असणार, असं त्यांना वाटलं. मी हसलो नाही, तेव्हा एकेकाचा खांदा खाली आला.

* * *

लिंगायतांत देह जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच समाधीच्या खड्ड्यात उतरवतात. दुपारी मन्मथला असंच बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात फुलं. आम्ही फॅन मंडळी एका बाजूला उभे होतो. विधी करणाऱ्या स्वामींनी आप्पांना सांगितलं, लिंग हातावर ठेवा.

आप्पांनी त्याचा डावा हात धरून मूठ उघडली, आणि त्यांचा अंगठा बोटांच्या टोकांवर थबकला. एक बोट चाचपलं. दुसरं, तिसरं, चौथं. मग त्यांनी मान वर केली.

"ह्याची बोटं अशी दगडावानी कशानं झाली?"

सलीम पुढं झाला. "तारांनी, आप्पा. डाव्या हातानं दाबून दाबून घट्टे पडतेत."

"दुखत आसंल."

"हाव. सुरुवातीला रक्त यायचं."

"किती दिवस?"

"दोन-तीन म्हयने."

स्वामी थांबले होते. आप्पांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"रोज माझ्याम्होरं बसून जेवायचा," ते सलीमला म्हणाले. "मला उजवाच हात दिसला रं."