गाठी हवालदार

हवालदारकाकांना कुणी हातानं केलेली वस्तू दाखवली, की ते तिचं कौतुक करत नसत. आधी दोन्ही हातांत धरून ती जोरात ओढून बघत. मग ती राखी असो, तोरण असो, नाहीतर नव्या सुनेनं हौसेनं विणलेलं टीव्हीवरचं झाकण असो. वस्तू टिकली तर प्रश्न येई, ‘‘कुणी केली?’’ ‘‘मी’’ असं उत्तर आलं, की त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘‘करताना कुणी बघितलं?’’ उंब्रजमध्ये सगळे त्यांना गाठी हवालदार म्हणत. फौजेत सतरा वर्षं काढून ते पेन्शनवर घरी आले होते. थोडा ऊस होता. ते एका पायानं किंचित लंगडत आणि दोऱ्याच्या गाठी मारून भेटवस्तू कशा करायच्या ते गावातल्या बायकांना शिकवत.

माझी त्यांची ओळख एका खोट्यातून झाली. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या यजमानांची उंब्रजला बदली झाली आणि आम्ही काकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन गेले, वर क्रोशाचा रुमाल झाकून. काकांनी चकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रुमाल उचलला, ओढला आणि विचारलं, ‘‘कुणी केला?’’

‘‘मी,’’ मी बिनदिक्कत ठोकून दिलं. रुमाल माझ्या थोरल्या बहिणीनं केला होता. मला साधं बटण लावता येत नव्हतं.

‘‘असं व्हय?’’ म्हणून काका आत गेले आणि क्रोशाची सुई घेऊन आले. ‘‘मग ह्यो कोपरा मी उसवतो. परत घालून दावा.’’

मी पाचेक मिनिटं त्या सुईशी झटापट केली. माझे कान तापले होते. शेवटी काकांनीच सुई माझ्या हातातून काढून घेतली. ‘‘ऱ्हाऊ द्या. सांगलीकरीणबाई, उद्या चार वाजता सोप्यात या. खोटं बोलाय लागू नये म्हून तरी शिकून घ्या.’’

खरं तर संशयीपणात मी त्यांना हार जाणारी नव्हते. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत दलाल होते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारी ती माणसं. घरी आलेला पाहुणा उगाच का हसला, याचाही ते रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करत. ते सगळं माझ्यात उतरलं होतं. त्यामुळे एक माजी फौजी रोज दुपारी बायकांना फुकट शिकवतो म्हटल्यावर मला ते सरळ वाटेना. यात काहीतरी गोम आहे, असं मनाशी धरूनच मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात जाऊन बसले.

आम्ही आठजणी होतो, सगळ्या सारख्याच अडाणी हातांच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा यंदा आपल्या हातचं वाण लुटायचं, असं ठरलं होतं. काकांनी पहिल्या दिवशी किल्लीला लावायचा चारपदरी गोफ घेतला. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, पदर एकाआड एक फिरवायचे आणि दर दोन बोटांवर थांबून ताणायचं. गोफानंतर गरम पातेल्याखाली ठेवायची सुतळीची चकती, आणि तीही जमली तर लोणच्याच्या बरणीसाठी जाळी. ‘‘पयली वस्तू देखनी कराय जाऊ नगा,’’ ते सांगत. ‘‘पयली घट करा. देखनी मागनं व्हती.’’

अर्धवट काम घरी न्यायला मात्र सक्त मनाई. ‘‘घरात नणंद असती. ती करून देती.’’ संध्याकाळी सगळ्यांचं काम ते आपल्या फौजी ट्रंकेत टाकून कुलूप लावत. झालं, माझ्या संशयाला वाट मिळाली. हा माणूस आमच्या वस्तू कऱ्हाडच्या बाजारात पाठवून त्याजागी दुसऱ्याच ठेवत असणार! मी माझ्या चकतीच्या पोटात हिरव्या दोऱ्याचा एक बारीक वेढा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी चकती जशीच्या तशी माझ्या हातात आली. ‘‘खूण केलीया ती झ्याक केलीया,’’ काका हळूच म्हणाले. ‘‘मी बी तेच केलं असतं.’’ त्या दिवसापासून आमचं जमलं.

गावातल्या पुरुषांचं मात्र त्यांच्याशी जमत नव्हतं. पारावरून कुणीतरी हमखास ओरडे, ‘‘काय हवालदार, बांगड्या कवा भरनार?’’ काका बसल्या जागेवरून विचारत, ‘‘तुझ्या बैलाचं दावं कोन वळतं रं? तूच न्हवं? दाव्याची लाज न्हाई, मग गोफाची कसली?’’ उत्तर चोख होतं, पण त्यानं कुणाचं समाधान होत नसे. हा गडी बायकांत का बसतो, हा प्रश्न गावाला होता आणि खरं सांगायचं तर मलाही होताच.

त्याहून मोठं कोडं होत्या काकू. त्या आतल्या दाराच्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसत. त्यांनी कधी दोऱ्याला हात लावला नाही. नजर मात्र सतत काकांच्या बोटांवर. आमच्यावर पाळत ठेवायला बसतात, असं मला वाटे आणि रागही येई. शिकवणी संपली की काका त्या दिवशी केलेली वस्तू उंबऱ्याकडे धरत आणि विचारत, ‘‘पटलं का?’’

काकू मान वर न करता म्हणत, ‘‘बघू.’’

काकांचं तोंड उतरे. जगातली प्रत्येक गाठ ओढून बघणारा तो आडदांड माणूस त्या एका शब्दानं हिरमुसून जाई. हे रोज चाले. शेवटी एकदा मी न राहवून विचारलंच, ‘‘काका, पटायचंय तरी काय?’’

काकांनी उंबऱ्याकडे पाहिलं. ‘‘सांगू का?’’

‘‘सांगा की. मी काय तोंड धरलंय?’’ काकू म्हणाल्या.

मग काकांनी सांगितलं. लग्नाला तीन वर्षं झाली असताना तिकडे उत्तरेत त्यांची जीप उलटली आणि पाय मोडला. फौजेच्या दवाखान्यात तीन महिने पडून राहावं लागलं. तिथं जायबंदी जवानांना विरंगुळा म्हणून गाठींचं काम शिकवत. काकांनी लाल-पांढऱ्या दोऱ्याची एक पिशवी केली, तिला गोंडे लावले, मधोमध आरसा बसवला आणि संक्रांतीची भेट म्हणून बायकोला टपालानं पाठवली. सोबत चिठ्ठी, ‘मी माझ्या हातानं केली आहे.’

‘‘जावेनं बघितली अन् म्हनली, बापय मानसाच्या हातचं न्हाई ह्ये,’’ काकू सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. ‘‘गोंडं लावनारी कुनीतरी बाई हाय.’’

‘‘मी सुट्टीवर आलो तर चार दिवस तोंडातनं शब्द न्हाई,’’ काका म्हणाले. ‘‘मग हिच्याम्होरं बसून दुसरी पिशवी केली. तवा म्हनती कशी, करता येतंय, पर शिकीवलं कुनी? म्हनलं, एक सरदारजी हुता, ही एवढी दाढी.’’

‘‘दाढी कुनी बघितली?’’ काकूंनी विचारलं.

आम्ही आठहीजणी हसून लोटपोट झालो. काका हसले नाहीत. त्यांना खरंच लागलं होतं. पेन्शन झाल्यापासून ते रोज त्या उंबऱ्यासमोर बसून आपली बाजू मांडत होते, आणि आम्ही बायका म्हणजे त्यांनी गोळा केलेल्या साक्षीदार होतो. बाईनं न शिकवता बाप्या हे करू शकतो आणि दुसऱ्याला शिकवूही शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

त्यांचं दुःख मला कळलं ते त्याच संक्रांतीला. मी आईसाठी सांगलीला एक चकती घेऊन गेले. तीन वेळा उसवून केलेली, माझ्या बोटांची सालटं काढलेली. आईनं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘‘छान आहे. कुणाकडून करून घेतलीस?’’ मी शपथ घेतली तरी तिला ते खरं वाटेना. फराळाच्या रुमालाचं खोटं पकडलं गेलं तेव्हा मला नुसती लाज वाटली होती. माझं खरं कुणी मानेना तेव्हा मात्र मी माहेरच्या मोरीत जाऊन रडले.

चार वर्षांनी आमची बदली सांगलीला झाली. निघताना काकांनी मला एखादी तयार वस्तू द्यावी अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी दोऱ्याचं कोरं बंडल दिलं. ‘‘केल्यालं दिलं तर तुमी आळशी व्हशीला.’’ त्या दोऱ्याचं तोरण करून मी त्यांना टपालानं पाठवलं. आठ दिवसांनी कार्ड आलं, ‘टिकलं. कुणी केलं?’

पुढच्याच वर्षी ते गेले. उसाला पाणी पाजायला गेलेले काका जरा टेकतो म्हणून बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. कळलं तसं मी एसटीनं उंब्रज गाठलं. सोपा रिकामा होता. काकू मात्र आपल्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याशीच बसल्या होत्या. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. नको तेच तोंडून निघून गेलं. ‘‘काकू, एकदा तरी पटलं म्हणायचं होतंत त्यांना.’’

त्या म्हणाल्या, ‘‘मला तवाच पटलं हुतं गं. सुट्टीवर आलं, जेवाय बसलं, अन् बोटं बघितली त्यांची. दोऱ्यानं कापल्याली. बाईनं पिशवी करून दिली असती, तर ह्यांची बोटं कशाला कापली असती?’’

‘‘मग?’’

‘‘फौजेतला मानूस. वरसातनं दोन म्हैनं घरात, त्यातलं बी निम्मं शेतावर. पिशवी कराय बसलं, तवा पयल्यांदा दिसभर माझ्याम्होरं बसलं. पटलं म्हनलं असतं, तर उठून पारावर गेलं असतं बाकीच्या गड्यांगत. म्हून मी आपली बघू, बघू करत ऱ्हायले.’’

‘‘काकांना कधी शंका आली नाही? तुम्ही मुद्दाम म्हणता याची?’’

‘‘न्हाई,’’ काकू म्हणाल्या. ‘‘साऱ्या दुनियेचा संशय त्यास्नी. माझं तेवढं सगळं खरं वाटायचं.’’

त्यांनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले, रिकाम्या सोप्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आवंदाच्या संक्रांतीला सांगनार हुते, बाई. खरंच सांगनार हुते.’’