चालेल एवढा ओरखडा

हर्षालीचं काम ओरखडे शोधायचं. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांची हँडलं रंगून तिच्या टेबलावर येतात. ट्यूबलाइटखाली फिरवून बघायची आणि ओरखडा दिसला तर लाल ट्रेमध्ये टाकायची. लाइनवर तिला सगळे ‘एक्स-रे’ म्हणतात.

पूर्वी ती कंपनीच्या बसमध्ये फिल्टर लावून रील करायची. चेहरा गुळगुळीत दिसायचा, लाइक यायचे. मग मैत्रिणीनं एका लग्नाच्या हळदीतला तिचा बिनफिल्टरचा फोटो टाकून तिला टॅग केलं. खाली गावातल्याच कुणीतरी लिहिलं, ‘रीलमधली कुठंय?’ त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली.

तेव्हापासून तिच्या तोंडावरचा स्कार्फ सुटेना. जेवताना तोंड उघडं पडतं म्हणून कॅन्टीन सोडलं. बसमध्ये फोनचा पुढचा कॅमेरा लावून गालावरचे डाग न्याहाळायची. झोप उडाली होती. भावाच्या साखरपुड्याला ओव्हरटाइम आहे, असं तिनं आईला खोटंच सांगून टाकलं.

इकडे तिचा लाल ट्रे चांगल्या हँडलांनी भरू लागला.

शेजारच्या टेबलावर नजमाभाभी असते. टेबलापाशी एक नमुन्याचं हँडल टांगलेलं असतं. त्यावर बारीक ओरखडा आणि क्वालिटीच्या साहेबांची सही, म्हणजे एवढं चालतं. सारखं बघून डोळे थकले की चांगल्यातही खोट दिसते. मग हे बघून नजर पुन्हा जुळवायची. भाभीनं ते काढून हर्षालीच्या हातात दिलं.

“माल चांगलाय. डोळे थकलेत तुझे. आरशापुढंबी असंच करतेस ना?”

हर्षालीचे डोळे भरले. साखरपुड्यात लोक फोटो काढतील, ती पुटपुटली.

“काढतील की. माझेबी काढतात, दोन हनुवट्यांसकट. चल जेवायला. आणि झोपेचं डॉक्टरला दाखवू, मी येते संगं.”

कॅन्टीनमध्ये हर्षाली भिंतीकडे तोंड करून बसली, पण स्कार्फ गळ्यात घेऊन तिनं अर्धी पोळी खाल्ली.

आत कुणी फोटो काढू नये म्हणून आमच्या गेटवर सिक्युरिटीवाले फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर लावतात. बसमध्ये बसलं की सगळे ते उपटतात. त्या संध्याकाळी तिनं फक्त मागचा उपटला, पुढचा राहू दिला.

साखरपुड्यानंतर ती कामावर आली, तेव्हा पुढचा स्टिकर तसाच होता, कडा मळलेल्या. भावानं पाठवलेला फोटो तिनं भाभीला दाखवला. मागच्या रांगेत ती उभी होती, जरा अवघडलेली, स्कार्फ नसलेली.