मोठ्या सिस्टरची बाजू

बटणमावशींकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांचा आवाज ऐकून. निवृत्त होऊन मी या इमारतीत राहायला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दूध घेऊन परतत होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या इस्त्रीच्या दुकानातून खणखणीत आवाज आला, "अगं मेले, तिची चूक काय ते तरी सांग! चारचौघांत पाणउतारा कसला करतेस?"

मला वाटलं, भांडण जुंपलं. सारा जन्म वर्गातली भांडणं सोडवण्यात गेलेला, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. आत बघते तर भांडण एकतर्फी. एक सडपातळ बाई, बोटात अंगुस्तान, हातात कुणाच्या तरी शर्टाची बाही, भिंतीवरच्या टीव्हीसमोर उभ्या. टीव्हीत पांढऱ्या गणवेशातली, जाड भुवयांची एक नर्स. इस्त्रीवाले भाऊ शांतपणे कपड्यावर पाणी शिंपडत होते.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "हे रोजचंच आहे. जाहिराती लागल्या की थांबतात."

मी बसले, आणि मग रोजच बसू लागले.

मावशींचं काम काज-बटणाचं. आसपासचे शिंपी शर्ट शिवून पाठवत, आणि मावशी त्यांना हातानं काजं करून बटणं लावून देत. म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. मोठी माणसंही तेच घेत आणि मावशींना त्याचं काही वाटत नसे. नवरा फार लवकर गेला. एकच लेक. तिला त्यांनी या काजांवर शिकवून नर्स केलं. राहायच्या त्या दुकानाच्या मागच्याच खोलीत. दुकान आणि खोली यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत होती.

एका जागी स्वस्थ बसणं हे त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. मालिका बघता बघता त्या दारापर्यंत जात, रस्त्यावर नजर टाकत, परत येत. भाऊंची घडी केलेली चादर उचलून पुन्हा घडी करत. लेकीला यायला उशीर झाला की हे फिरणं वाढे.

मालिका एका मोठ्या हॉस्पिटलातली. रोगी नावालाच, सगळा मामला तिथल्या माणसांच्या एकमेकांशी असलेल्या वैराचा. त्यातली मोठी सिस्टर हाताखालच्या एका नव्या पोरीला सळो की पळो करून सोडत असे. कधी सुट्टी नाकार, कधी डॉक्टरांसमोर झाप. आमच्या दुकानात यावरून दोन पक्ष पडले होते.

"शिस्त नको का, मावशी?" भाऊ म्हणत. "इस्त्री जरा जास्त टेकली तर कपडा जळतो. तिथं तर माणसं आहेत."

"शिस्तीला तोंड गोड ठेवता येत नाही वाटतं? पांढऱ्या कपड्यातली सासू आहे ती, सासू!"

"तुम्ही बरं बोलता. परवा त्या शिंप्याच्या पोराला झाडलंत ते काय गोड तोंडानं?"

"त्यानं बटणं उलटसुलट मिसळली होती!"

"मग? त्या पोरीनं औषधं मिसळली."

"बाई, तुम्ही सांगा हो यांना काहीतरी." असं म्हणून मावशी माझ्याकडे वळत. मी दोघांनाही थोडंथोडं बरोबर ठरवी. शाळेत याच सवयीवर निभावलं होतं.

पण मावशींचा राग नुसता मालिकेपुरता नव्हता, हे मला हळूहळू कळलं. त्यांची लेक अलीकडे घरी येऊन बोलेनाशी झाली होती. जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडे. एकदोनदा म्हणाली, "सोडून द्यावीशी वाटते नोकरी." कारण विचारलं तर गप्प.

"कारण विचारायला कशाला पाहिजे?" मावशी मला म्हणाल्या. "रोज दिसतंय की डोळ्यांसमोर. तिच्याही डोक्यावर अशीच एखादी बया बसली असणार. माझी पोर पहिल्यापासून मुकी. मार खाईल, पण सांगणार नाही."

एके दिवशी दुपारी त्या माझ्या दाराशी आल्या. केस नीट विंचरलेले, पायात ठेवणीतल्या चपला.

"बाई, चला माझ्याबरोबर हॉस्पिटलात. त्या मोठ्या सिस्टरला दोन शब्द विचारून येऊ. तुम्हाला नीट बोलता येतं. माझं तोंड सुटलं की सुटलं."

"लेकीला विचारलंत?"

"ती कशाला हो म्हणेल?"

मी समजावून पाहिलं. पण त्या उंबऱ्यातच या पायावरून त्या पायावर होत राहिल्या. एकट्या जाऊन काय करतील या भीतीनं मी निघाले.

रस्ताभर त्या भाषणाची तालीम करत होत्या. "आधी नमस्कार म्हणायचं. मग म्हणायचं, तुमच्याही घरी लेकीबाळी असतील..." सिग्नलपाशी थांबलो तेव्हा भाषण रागावर आलं होतं. फाटकाशी पोचेपर्यंत ते पुन्हा विनवणीवर आलं.

तिसऱ्या मजल्यावर, लेकीच्या वॉर्डाबाहेर, एका बाकावर अगदी कोवळी नर्स बसली होती. मांडीवर बँडेजच्या गुंडाळ्या आणि डोळे लाल.

मावशींनी वाट वाकडी केली. "काय गं बाळ, मोठ्या सिस्टर बोलल्या ना?"

पोरगी दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला सगळं कळतं. माझी लेकही इथंच आहे. तीही अशीच सुकून चाललीय. आज त्या बयेला जाब विचारायलाच आलेय मी."

एवढा आधार पुरला. पोरगी भडाभडा बोलू लागली. बहिणीच्या लग्नाला सुट्टी मागितली तर इन्चार्ज सिस्टर नाही म्हणाल्या. पट्टी सैल बांधली म्हणून पेशंटसमोर तीनदा सोडायला लावली. "आम्ही सगळ्या त्यांना मालिकेतल्या बाईचंच नाव ठेवलंय," ती डोळे पुसत म्हणाली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि माझ्याकडे 'बघा, मी म्हणत नव्हते?' अशा नजरेनं बघत होत्या.

तेवढ्यात आतून आवाज आला, "गुंडाळ्या झाल्या का? त्यातली एक जरी ढिली निघाली ना, तर सगळ्या उलगडून परत करायला लावीन!"

दार उघडलं. बाहेर आली ती मावशींची लेक.

पोरगी ताडकन उठली. गुंडाळ्या जमिनीवर घरंगळल्या. "सिस्टर, मी... झाल्याच."

लेक आईकडे बघत राहिली. मावशींचा हात त्या पोरीच्या पाठीवरून निघून हवेतच राहिला होता.

"आई? तू इथं कशी?"

मावशी खाली वाकून गुंडाळ्या गोळा करू लागल्या. "माझा रक्तदाब बघायला आलो," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. लेकीनं मला आत नेलं, दंडाला पट्टा बांधला आणि खरोखरच रक्तदाब बघितला.

"बाई, वाढलाय."

"वाढणारच," मी म्हणाले.

परतताना मावशी माझ्या चार पावलं पुढेच चालत होत्या. खोलीशी आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "ती येईपर्यंत थांबा." मी थांबले. त्यांनी सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. पाणी गरम करायला ठेवलं आणि विसरल्या. भिंतीपलीकडे मालिका लागली. त्यातला शब्द न् शब्द खोलीत ऐकू येत होता. मी रोज पलीकडे बसायचे, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

लेक आली. चपला काढून दाराशीच उभी राहिली.

"इन्चार्ज झालीस?" मावशींनी विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"आईला सांगावंसं वाटलं नाही?"

लेकीनं भिंतीकडे बोट दाखवलं. "कधी सांगू? मी इथं चपला काढत असायचे आणि पलीकडे तू तिला शिव्या घालत असायचीस. एकदा म्हणालीस, असल्या बाईला घरी कुणी पाणीसुद्धा विचारत नसेल. मी तेव्हा माठापाशी उभी होते."

"अगं, ते मालिकेतल्या..."

"वॉर्डातही तीच मालिका बघतात सगळ्या." लेक खाली बसली. "दोघी जणी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. सुट्टी कुणाला देऊ, आई? दिली तर पेशंट बोंबलतात, नाही दिली तर या. मी वरच्यांना सांगितलंय, चार्ज काढून घ्या, नाहीतर मला जाऊ द्या. सोमवारपर्यंत विचार कर म्हणालेत."

मावशी उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. "पट्टी खरंच सैल होती?"

"सुटून आली असती हातात."

"मग बरोबर केलंस." मग म्हणाल्या, "पण पेशंटसमोर, पोरी?"

"मी लहान असताना काज चुकलं की तू शिंप्यासमोरच उसवायला लावायचीस."

मावशी विसरलेलं पाणी उतरवायला गेल्या. मी जिना चढून वर आले, पण त्या दिवशी वाचनात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालिकेच्या वेळी मावशी दुकानात आल्या. मोठी सिस्टर पडद्यावर आली आणि तिनं सुट्टीचा अर्ज परत केला. भाऊंनी सवयीनं मावशींकडे पाहिलं.

"अहो, तिच्याकडे माणसं कुठायत?" मावशी कडाडल्या. "दोघी सोडून गेल्या, ती सुट्टी देणार कुणाच्या जिवावर?"

भाऊंची इस्त्री हातातच राहिली. "कोण दोघी? हे कधी दाखवलं?"

"दाखवत नाहीत म्हणून काय नसतात? तुम्ही कपडा बघा, जळेल!"

"पक्ष बदललात की काय, मावशी?"

"तिची बाजू कुणी विचारतं का कधी? सगळे आपले त्या पोरीच्या रडण्याला भुलतात!" हे वाक्य त्यांनी टीव्हीकडे नाही, भिंतीकडे तोंड करून म्हटलं.

पलीकडून लेकीचा आवाज आला, "आई, अगं हळू! सगळी गल्ली ऐकतेय." पुढे हसणं होतं की खोकला, ते मला नीट कळलं नाही.

सोमवारपर्यंत मावशींनी किती शर्ट उसवले आणि पुन्हा केले, त्याला गणती नाही. नोकरी सोड असंही त्या म्हणाल्या नाहीत, धर असंही नाही. मला मात्र जिन्यात गाठून विचारत, "काय ठरवेल हो ती?" सोमवारी लेक नेहमीसारखी कामावर गेली आणि चार्ज स्वतःकडे ठेवूनच परत आली. सुट्ट्या आता सगळ्या जणी एकत्र बसून ठरवतील, एवढी एक अट तिनं वरच्यांकडून मान्य करून घेतली होती. भांडणं त्यानं थांबली नाहीत. फक्त आता ती तिच्या तोंडावर होतात. ती कोवळी नर्स तिच्याशी अजूनही कामापुरतंच बोलते.

मालिका चालूच आहे. भाऊ आणि मी बघतो, पण वाद घालायला तिसरं कुणी नसतं. मावशी त्या वेळी हॉस्पिटलच्या फाटकाशी असतात. लेकीची पाळी संपली की दोघी चालत घरी येतात.